इंग्लिश चित्रांतले घोडे जवळ आणि मजूर दूर का?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील इंग्लिश ग्रामीण चित्रे सध्या सलग पाहतो आहे. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती इतक्या मोठ्या आकारात उपलब्ध आहेत की कुंचल्याचे फटकारेही दिसतात. ती पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. घोड्याच्या खांद्याचा स्नायू, पोटाखालचा पट्टा, खुरांजवळचे केस हे सारे चित्रकार इतक्या निगुतीने रंगवतो की जाणकाराने त्या जनावराचे वय सांगावे. त्याच घोड्यामागे चालणारा माणूस मात्र पाठमोरा असतो, त्याचा चेहरा टोपीच्या सावलीत असतो, नाहीतर तो इतका दूर असतो की पांढऱ्या सदऱ्याचा ठिपका तेवढा उरतो.

माझे मत असे की ज्याला बाजारात किंमत होती त्याचे चित्र काढले गेले. घोडा विकत घ्यावा लागे, मजूर रोजावर मिळे. हे फार सरधोपट होते आहे का? उदाहरणे आणि विरोधी उदाहरणे, दोन्ही हवी आहेत.

लंडनकर

सर्वांना ठाऊक असलेल्या चित्रापासून सुरुवात करतो. जॉन कॉन्स्टेबल यांचे 'द हे वेन' (म्हणजे गवताची गाडी, १८२१) येथे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते सुमारे १३० बाय १८५ सेंटिमीटरचे आहे आणि प्रथम प्रदर्शित झाले तेव्हा त्याचे नाव 'निसर्गदृश्य : दुपार' असे होते. सफोकमधील स्टाउर नदी, डावीकडे विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचे घर, मधोमध उथळ पाण्यात रिकामी गाडी आणि गळ्याभोवती लाल साज असलेले घोडे, एवढे सगळ्यांच्या लक्षात राहते. उजवीकडच्या कुरणात, पार दूर, गवत कापणारी आणि भरणारी माणसे आहेत हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. प्रत्यक्ष गॅलरीत लोक चित्रासमोर बराच वेळ उभे असतात, पण त्या कोपऱ्याकडे बोट दाखवणारा क्वचितच भेटतो.

रेघोट्या, तुमच्या मताला बळ देणारी आणखी एक बाब म्हणजे कॉन्स्टेबल यांचे वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल हे फ्लॅटफर्ड आणि डेडम येथील गिरण्यांचे मालक होते. ज्या नदीवर, ज्या घोड्यांच्या आणि बोटींच्या जोरावर घर चालत होते, तीच नदी मुलाने रंगवली. हा मालकाच्या काठावरून पाहिलेला गाव आहे.

चहाटळ

या विली लॉटविषयी कॉन्स्टेबल यांच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की ऐंशीहून अधिक वर्षांच्या आयुष्यात तो गृहस्थ त्या घरापासून पुरते चार दिवसही दूर राहिला नव्हता. आमच्या सोसायटीच्या सचिवांना हा आदर्श कुणी तरी कळवावा, दर महिन्याची सभा पुढे ढकलली जाणार नाही.

नांगरट

चित्रकलेतले मला विशेष कळत नाही, पण गाडी पाण्यात का उभी आहे यावर बोलू शकतो. लाकडी चाक उन्हाळ्यात सुकले की आकसते, आरे तुंब्यात खेळू लागतात आणि लोखंडी धाव सैल होऊन निसटते. म्हणून आमच्याकडे गाडी ओढ्यात घालून चाके भिजवत असत, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसे. चित्रातली वेळ गवत कापणीची, म्हणजे भर उन्हाळ्याची आहे. त्यामुळे गाडीवानाने घोड्यांना पाय गार करू दिले आणि चाकेही भिजवून घेतली असावीत असे मला वाटते. कामाची रीत ठाऊक नसलेल्या चित्रकाराला गाडी पाण्यात घालण्याचे सुचलेच नसते.

लंडनकर

नांगरट, हे स्पष्टीकरण इंग्लंडमध्येही दिले जाते. मुख्य कारण मात्र असे की तेथे नदी ओलांडण्याची उथळ जागा आहे आणि रिकामी गाडी पलीकडच्या कुरणात भरायला निघाली आहे. दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात.

कामाच्या रीतीविषयी तुम्ही म्हणता ते कॉन्स्टेबल यांच्या बाबतीत अगदी खरे आहे. हे चित्र त्यांनी हिवाळ्यात लंडनमध्ये बसून रंगवले. गाडीचे तपशील हाताशी नव्हते, तेव्हा गावाकडे भावाला कळवून धाकट्या जॉन डनथॉर्नकडून गाडीची रेखाटने मागवून घेतली. 'द व्हाइट हॉर्स' (१८१९, आता न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात) या चित्रात पांढरा घोडा गाडी ओढत नसून स्वतःच बोटीत उभा आहे. बोट ओढणाऱ्या घोड्याची काठावरची वाट एका ठिकाणी संपून पलीकडच्या काठावर सुरू होई, आणि तेथे घोड्यालाच बोटीत घालून पार न्यावे लागे. 'द लीपिंग हॉर्स' (१८२५, रॉयल अकॅडमी) तर त्याहून नेमके आहे. गुरे शेजारच्या रानात जाऊ नयेत म्हणून काठावरच्या वाटेवर सुमारे तीन फूट उंचीचे अडसर घातलेले असत आणि बोटी ओढणाऱ्या घोड्यांना ते ओलांडायला शिकवलेले असे. पाहणाऱ्याला वाटते की हा कुणा सरदाराचा शर्यतीचा घोडा उसळला आहे. प्रत्यक्षात तो ओझ्याचा घोडा आहे आणि त्याची ती रोजची वाट आहे.

मोडीवाचक

चर्चा अठराव्या शतकातून सुरू झाली म्हणून निष्कर्ष तसा निघतो आहे असे माझे म्हणणे आहे. जरा चारशे वर्षे मागे जाऊ. लिंकनशरमधील अर्नम येथील सर जेफ्री लट्रेल यांच्यासाठी १३२५ ते १३४० च्या सुमारास तयार झालेली स्तोत्रसंहिता (बायबलमधील स्तोत्रांचे सचित्र हस्तलिखित) आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या काही पानांच्या तळाशी शेतीचे पूर्ण वर्ष चितारले आहे : नांगरणी, पेरणी, कुळवणी, कापणी, मळणी आणि भरलेली गाडी चढावर नेणे.

नांगराला चार बैल आहेत, एकाने रुमणे धरले आहे आणि दुसरा चाबूक घेऊन बाजूने चालतो आहे. पेरणीच्या चित्रात पेरणाऱ्याच्या पाठीमागे एक कावळा थेट बियाण्याच्या पोत्यात चोच घालतो आहे. कुळव मात्र घोडा ओढतो, कारण त्या कामाला बैलाच्या जोरापेक्षा घोड्याची चाल उपयोगाची, आणि मागून एक माणूस गोफणीने पाखरे हाकलतो आहे. हाच गोफणवाला आणि कुळव ओढणारा घोडा अकराव्या शतकातील बायो येथील भरतकामाच्या पट्टीच्या किनारीतही आहे. ती पट्टी इंग्लंडमध्येच भरली गेली असे बहुतेक अभ्यासक मानतात.

गाडी चढावर नेण्याचे चित्र रेघोट्या यांनी जरूर पाहावे. घोडे एकामागे एक जुंपलेले आहेत आणि माणसे मागून खांदा लावून गाडी रेटत आहेत. येथे माणूस आणि जनावर एकाच मापाचे, एकाच रांगेत आणि सारखेच घामाघूम आहेत. म्हणजे 'जनावर जवळ, माणूस दूर' ही इंग्लिश चित्रकलेची जन्मजात खोड नव्हे. ती पुढे कधी तरी लागलेली आहे.

कोरा_कागद

मोडीवाचक, उदाहरण उत्तम आहे, पण तो ग्रंथ लिहवून घेणारा जमीनदारच होता हे विसरू नये. शेतकऱ्यांच्या अंगावरचे कपडे त्या काळच्या मजुरांच्या मानाने फार चांगले आहेत असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आपली रयत नीटनेटकी आणि कामात गर्क आहे हे सरसाहेबांना प्रार्थनेच्या पुस्तकात पाहायचे होते.

पैसे कोण देतो हा प्रश्न गेन्सबरो यांच्या 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज' (सुमारे १७५०) या चित्रात सर्वांत उघड दिसतो. सडबरीजवळच्या स्वतःच्या जमिनीत नवे जोडपे झाडाखाली आहे. ती बसली आहे आणि तो बंदूक काखेत धरून उभा आहे, पायाशी कुत्रा. उजवीकडे पेंढ्या बांधून ठेवल्या आहेत आणि कापलेल्या पिकाची खुंटे सरळ ओळीत आहेत, म्हणजे पेरणी त्या काळी नव्या असलेल्या पाभरीसारख्या यंत्राने झालेली असणार. पीक कापले, बांधले, रचले, आणि चौकटीत एकही मजूर नाही! मजूर दूर असणे ही पुढची पायरी झाली. येथे तो हजरच नाही. कुत्र्याला मात्र जागा आहे.

पशुवैद्य

जॉर्ज स्टब्स यांचे नाव अजून निघाले नाही याचे आश्चर्य वाटते. लिव्हरपूलच्या एका कातडे कमावणाऱ्याचा हा मुलगा. लिंकनशरमधील हॉर्कस्टो येथे एका शेतघरात सुमारे दीड वर्ष राहून त्यांनी घोड्यांची शवविच्छेदने केली, एकेक थर सोलत रेखाटने काढली आणि १७६६ मध्ये घोड्याच्या शरीररचनेवरचा सचित्र ग्रंथ स्वतःच ताम्रपटांवर कोरून प्रसिद्ध केला. आजही ती चित्रे पाहिली की स्नायूंचे उगम आणि शेवट बिनचूक सापडतात. कॉलेजात आमच्या भिंतीवर याहून वाईट तक्ते होते.

परंतु याच स्टब्स यांची 'हेमेकर्स' (गवत वाळवणारे) आणि 'रीपर्स' (कापणी करणारे) (दोन्ही १७८५, लंडनचे टेट संग्रहालय) ही चित्रे रेघोट्या यांच्या मताच्या आड येतात. तेथे मजूर समोर आहेत, मोठे आहेत आणि चेहऱ्यांसकट आहेत. 'हेमेकर्स'मधील दंताळे घेतलेली बाई तर पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन उभी आहे. गाडीचे घोडे त्या मानाने निमूट आहेत. वयोमानाने साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या चित्रकाराने ही विषयनिवड केली, यालाही मी महत्त्व देतो.

कोरा_कागद

पशुवैद्य, चेहरे आहेत हे मान्य, पण मोजे पाहिलेत का? पांढरेशुभ्र. कापणीच्या दिवसांत, धुळीत आणि कुसळांत, इतके स्वच्छ मोजे आणि इतक्या सुबक टोप्या घालून कुणी विळा चालवत नाही. शिवाय 'रीपर्स'मध्ये घोड्यावर बसलेला देखरेख करणारा माणूस आहेच. त्या चित्रातला एकमेव घोडा काम करत नाही, कामावर नजर ठेवतो.

पशुवैद्य

मोज्यांचा मुद्दा दोनशे वर्षांपासून चालू आहे. मला तरी ती स्वच्छता खोटेपणापेक्षा आदर वाटते. स्टब्स यांनी सरदारांचे घोडेही कधी चिखलाने माखलेले रंगवले नाहीत. ज्या पद्धतीने त्यांनी घोडा पाहिला, त्याच पद्धतीने मजूर पाहिला : एकेक वेगळा, शांत, नीट उभा राहिलेला.

चहाटळ

घोड्याची किंमत, बैलाची किंमत असे चालले आहे म्हणून डरहॅमच्या बैलाची कथा सांगणे माझे कर्तव्य आहे. १७९६ मध्ये जन्मलेला हा बैल नांगरासाठी नव्हे, केवळ दाखवण्यासाठी वाढवला होता. १८०१ पासून सहा वर्षे खास बनवलेल्या गाडीत बसवून त्याला इंग्लंड-स्कॉटलंडभर फिरवले आणि लोकांनी तिकीट काढून पाहिले. जॉन बोल्टबी यांनी १८०२ मध्ये त्याचे चित्र काढले आणि त्याच्या छापील प्रती दोन हजारांवर खपल्या. चित्रात तो चार बारीक पायांवर ठेवलेला आयताकृती डोंगर आहे. बैलाचे नाव, मालकाचे नाव, चित्रकाराचे नाव, सारे इतिहासात नोंदले गेले आणि आजही इंग्लंडमधील कित्येक दारूगुत्त्यांवर त्या बैलाची पाटी आहे. एवढे धूड ज्यांनी गावोगाव ओढले त्या घोड्यांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. रेघोट्या, तुमच्या सिद्धांतात एक पोटकलम घाला : जनावरांतही कष्टकरी दूरच.

मोडीवाचक

चहाटळ यांनी थट्टेत महत्त्वाचे सांगितले आहे. त्या काळी जनावर जितके चौकोनी आणि चरबीदार रंगवावे तितका मालक खूश, असा प्रकार होता. न्यूकॅसलचे लाकूडकोरीव चित्रकार टॉमस ब्यूइक यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे की, नसलेल्या जागी चरबीचे गोळे काढायला सांगितले तेव्हा त्यांनी नकार दिला. म्हणजे जनावरांचे चित्रणही विश्वासू होतेच असे नाही, जाहिरात होती.

पिंपळपान

नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या वर्षांतील दोन चित्रे या चर्चेत हवीतच. टर्नर यांनी १८०९ मध्ये 'स्लाउजवळ सलगम उपटण्यासाठी नांगरणी' या अर्थाचे चित्र प्रदर्शित केले. मागे धुक्यात विंडसरचा राजवाडा सोनेरी, पुढे चिखलात थांबलेला नांगर, दमलेली माणसे आणि बाळाला पाजत बसलेली बाई. राजे तिसरे जॉर्ज यांना शेतीच्या नादामुळे लोक 'शेतकरी जॉर्ज' म्हणत, हे लक्षात घेतले तर राजवाडा आणि सलगम एकाच चौकटीत ठेवण्यामागची गंमत कळते. ती स्तुती आहे की टोमणा, यावर मतभेद आहेत. मला टोमण्याकडे झुकावेसे वाटते.

दुसरे चित्र जॉर्ज रॉबर्ट लुइस यांचे, हेरेफर्डजवळचे कापणीचे दृश्य, १८१५ चे. मजूर कामातून थांबून उभे आहेत आणि सरळ आपल्याकडे पाहत आहेत. नजर खाली नाही, हात जोडलेले नाहीत, आणि आपण त्यांच्या सुट्टीत डोकावलो म्हणून ते किंचित वैतागलेले वाटतात. याच वर्षी बाहेरच्या धान्याला अटकाव करणारा कायदा झाला आणि भाकरी महाग राहिली, हेही सोबत वाचावे.

कोरा_कागद

आता थोडे कॉन्स्टेबल यांच्याकडे परत येतो, कारण त्यांच्या वाटेला फार कौतुक आले. 'द हे वेन' प्रदर्शित झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १८२२ मध्ये, सफोक भागात मजुरांनी मळणी यंत्रे मोडली आणि गंजी पेटवल्या. गावाकडे जवळ किंवा दूर आग दिसल्यावाचून एक रात्र जात नाही, ही भावाकडून आलेली बातमी कॉन्स्टेबल यांनीच मित्राला पत्राने कळवली होती. १८३० मध्ये केंटपासून सुरू झालेला, 'कॅप्टन स्विंग' या काल्पनिक पुढाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा मजुरांचा उठाव तर दक्षिण आणि पूर्व इंग्लंडभर पसरला. त्यात १९ जणांना फाशी झाली आणि शेकडो लोकांना ऑस्ट्रेलियाला हद्दपार केले गेले.

कारण काय होते? हिवाळ्यात शेतात काम नसे, तेव्हा खळ्यावर काठ्यांनी धान्य झोडपण्याची मजुरी हाच मजुराच्या चुलीचा आधार होता. घोडे गोल फिरवून चालवलेल्या यंत्राने तो हिरावला. रेघोट्या, हा घोडा तुमच्या धाग्यात यायला हवा, कारण येथे जनावर मजुराच्या सोबत नसून त्याच्या जागी उभे आहे. लट्रेल यांच्या पुस्तकात मळणी आहे, पण यंत्राला जुंपलेल्या या घोड्याला या काळातील नामांकित निसर्गचित्रांत जागा मिळालेली नाही. कॉन्स्टेबल स्वतः टोरी, म्हणजे जुनी व्यवस्था राखू पाहणाऱ्या पक्षाच्या, विचारांचे होते आणि १८३२ च्या मतदान सुधारणेला त्यांचा विरोध होता. दूरचे मजूर दूरच राहिलेले त्यांना बरे वाटत असावेत.

नांगरट

मळणी काठ्यांनी होई हे वाचून नवल वाटले. आमच्याकडे खळ्यात मधोमध तिवडा रोवून बैलांची पात फिरवत, म्हणजे मळणी मुळातच जनावराची. तेथे ती माणसाची होती आणि जनावर यंत्रासोबत आले, त्यामुळे घोड्यावर राग निघाला असेल का?

कोरा_कागद

घोड्यांवर नाही, यंत्रांवर निघाला. उठावात मोडतोड लोखंडाची आणि आग गंजींची झाली. घोडा सांभाळणारा गडी मजुरांपैकीच एक होता.

जुनी_वही

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटते, म्हणून तेथवर यायला हवे. १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागले, इंग्लंडची शेती खचली आणि तरुण मजूर शहरांकडे निघाले. नेमक्या त्याच वेळी चित्रकार मजुराच्या जवळ गेले.

जॉर्ज क्लॉसन यांचे 'विंटर वर्क' (१८८३-८४, टेट) पाहा. थंडीत, चिखलात, मेंढ्यांच्या चाऱ्यासाठी कंदांचे शेंडे-बुडखे छाटणारे कुटुंब. पाठी वाकलेल्या, कपडे चिखलाच्याच रंगाचे, क्षितिज खूप वर, म्हणजे पाहणाऱ्यालाही मोकळा श्वास घ्यायला आकाश नाही. चित्र विकले गेले नाही. मग क्लॉसन यांनी कडेला हातात खेळण्याची कडी घेतलेली शाळकरी मुलगी नव्याने रंगवली, जेणेकरून दृश्य थोडे सुसह्य व्हावे. कोरा_कागद, तुमचे मोजे येथे मुलीच्या रूपाने परत आले म्हणायचे.

एच. एच. ला थँग यांचे 'द लास्ट फरो' (शेवटचे तास, १८९५, ओल्डहॅमची गॅलरी) मला सर्वांत अस्वस्थ करते. म्हातारा नांगऱ्या नांगरावरच कोसळला आहे, तास अर्धा राहिला आहे आणि घोडे थांबले आहेत. माणूस आणि जनावर पुन्हा एका मापाचे झाले, पण त्यासाठी माणसाला मरावे लागले.

सह्यवासी

आपल्याकडचा काही धागा यात आहे का? इंग्लिश चित्रकारांनीच तर मुंबईत शिकवले.

जुनी_वही

एक सरळ धागा आहे. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ ते १८७५ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते आणि पुढे लाहोरला गेले. त्यांनी १८९१ मध्ये भारतातील जनावरे आणि माणसे यांच्या संबंधांवर स्वतःच्या रेखाटनांसह एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात बैलांना सविस्तर जागा दिली. शैली इंग्लिश आणि नजर साहेबाची असली तरी कष्टाचे जनावर हा विषय त्यांनी गंभीरपणे घेतला. जे. जे.वर वेगळा धागा काढावा, येथे तो विषय मावणार नाही.

रेघोट्या

सर्वांचे आभार. लट्रेल, स्टब्स आणि लुइस यांच्यामुळे 'मजूर नेहमीच दूर' असे म्हणता येत नाही हे पटले. तरी गेन्सबरो यांच्यापासून कॉन्स्टेबल यांच्यापर्यंतच्या साठ-सत्तर वर्षांपुरता, स्टब्स आणि लुइस हे अपवाद सोडून, मी मतावर ठाम आहे. कुंपणे घालून सामाईक जमिनी खाजगी करणारे हजारो कायदे याच काळात झाले. मजुराचा जमिनीशी संबंध तुटला आणि चित्रातही तो काठावर गेला. 'द हे वेन'मध्ये घोडे मध्यभागी आहेत, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

लंडनकर

योगायोग नसेलही, पण एक पुरावा तुमच्या विरोधात जातो, तो नोंदवून ठेवतो. या चित्राचा पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात पुढच्या काठावर, कुत्र्याच्या शेजारी, घोड्यावर बसलेला एक स्वार आहे. अंतिम चित्रात कॉन्स्टेबल यांनी तो काढून टाकला. त्याच्या जागी आधी एक पिंप रंगवले आणि मग तेही झाकले. म्हणजे पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळचा घोडा त्यांनी स्वतःहून पुसला. दूरच्या कुरणातली माणसे, जी पुसायला कुंचल्याचे चार फटकारे पुरले असते, ती मात्र त्यांनी ठेवली.

कोरा_कागद

ठेवली, कारण गवत कापायला कुणी तरी हवे होते.

चहाटळ

आणि कुत्रा दोन्हींकडे कायम आहे. गेन्सबरो यांच्याकडेही होता. पुढचा धागा कुत्र्यांवर काढा, पहिला प्रतिसाद माझा.